बाहेरून, म्हणजे परदेशातून, कॅमेऱ्याचा स्वस्तातला फ्लॅश मागवताय? ऑर्डर मारायच्या आधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी कॅमेरा हातात घ्या, वरच्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) प्लास्टिकची पट्टी असेल तर ती सरकवून काढा आणि मोबाईलचा टॉर्च मारून आत नीट बघा. मधोमध एक मोठा गोल टिपका दिसतो का? तो दिसला तर अर्धं काम झालं. कारण हजार-दोन हजारांपासून सहा-सात हजारांपर्यंतचे जे मॅन्युअल (ताकद हाताने ठरवायचे) फ्लॅश असतात, म्हणजे गोडॉक्सचा टीटी ६०० किंवा योंगनुओचा वायएन ५६०, त्यांच्या पायाला एकच पिन असते आणि ती त्या मधल्या टिपक्यावर टेकली तरच फ्लॅश उडतो. कॅननने ३०००डी, १५००डी आणि २००डी मार्क टू या मॉडेलांमधून तो मधला टिपकाच काढून टाकलाय, आणि आपल्याकडे नव्याने शिकणाऱ्या पोरांच्या हातात नेमके हेच कॅमेरे असतात. फ्लॅश शूमध्ये छान बसतो, चालू होतो, टेस्टचं बटण दाबलं की उडतोसुद्धा, पण फोटो काढला की ढिम्म. अशा कॅमेऱ्यावर बाकीच्या छोट्या पिनांमधून बोलणारा टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्यावरून ताकद आपोआप ठरवणारा) किंवा ट्रिगर (लांब ठेवलेला फ्लॅश उडवायला कॅमेऱ्यावर लावतात तो) लागतो, आणि तोही विक्रेत्याला कॅमेऱ्याचं पूर्ण मॉडेल लिहून, ‘यावर चालेल का’ असं विचारून, त्याचं लेखी उत्तर जपून ठेवूनच घ्यायचा. कॅननचा आर ५० असेल तर अजून वेगळं, त्याचा शू नव्या पद्धतीचा आहे आणि जुना फ्लॅश लावायला मध्ये अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो, त्याची किंमत आधीच हिशोबात धरा.

मग येतं मॉडेलच्या शेवटचं अक्षर. गोडॉक्सचा एक्सप्रो ट्रिगर घ्या, तो सी म्हणजे कॅननचा, एन निकॉनचा, एस सोनीचा, एफ फुजीचा, ओ ऑलिंपस-पॅनासोनिकचा आणि पी पेंटॅक्सचा. फोटोत सगळे सारखेच दिसतात, आणि पानावर रंग निवडायच्या जागी हे अक्षर निवडायचं असतं, ते घाईत राहून जातं. मी एका ऑर्डरला कॅननचं निवडलं होतं आणि आलं निकॉनचं. विक्रेता म्हणाला परत पाठवा, पोस्टाचा खर्च तुमचा. पोस्टात जाऊन चौकशी केली तर तो खर्च ट्रिगरच्या किमतीच्या आसपास येत होता. शेवटी पैसे परत मिळाले, कारण ऑर्डर केली त्याच दिवशी त्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, त्यात अक्षर स्पष्ट दिसत होतं. तेव्हापासून हा नियमच केलाय, पैसे भरायच्या आधी पानाचा वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट काढायचा, कारण ती पानं विक्रेता नंतर बदलू शकतो. अजून एक, अमेरिकेत हाच गोडॉक्सचा माल फ्लॅशपॉइंट नावाने विकतात आणि इंग्लंडमध्ये पिक्साप्रो नावाने, त्यामुळे वेगळं नाव दिसलं म्हणून नकली समजू नका आणि वेगळं काहीतरी भारी आहे असं समजून जास्त पैसेही मोजू नका.

ताकदीचे आकडे वाचताना थांबून वाचा. गाईड नंबर ६० असं ठळक लिहिलेलं असतं, पण तो कुठल्या झूमवर मोजलाय ते खाली बारीक अक्षरात असतं. टीटी ६०० चा ६० हा २०० एमएम झूमवरचा आहे आणि वायएन ५६० चा ५८ हा १०५ वरचा, म्हणजे आकडे जवळजवळ सारखे दिसले तरी माप वेगळं आहे. झूम केलं की प्रकाश एका जागी एकवटतो आणि आकडा फुगतो, लग्नाच्या हॉलमध्ये ३५ एमएमवर तोच फ्लॅश बराच कमी भरतो. गाईड नंबरला अ‍ॅपर्चरने भागलं की अंतर येतं, म्हणजे ६० ला ८ ने भागा, साडेसात मीटर, तेही आयएसओ १०० ला, समोरून थेट मारला तर आणि फ्लॅश पूर्ण ताकदीवर असेल तर. छतावर मारून बाउन्स करणार असाल तर यातलं बरंच विसरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय बाहेरून मागवायचं आणि काय नाही. माझं मत अगदी स्पष्ट आहे, लहान, हलकं, लिथियम बॅटरी नसलेलं आणि गेलं तरी घर चालेल एवढ्याच किमतीचं असेल तेच बाहेरून मागवा. ट्रिगर, रिसीव्हर, पेन्सिल सेलवर चालणारा मॅन्युअल फ्लॅश, फ्लॅशला लावायचे डिफ्यूजर आणि ग्रिड, रंगीत जेल, केबल, हे ठीक. लाइट स्टँड, उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स आणि छत्री अजिबात नको. कुरिअरवाले वजनासोबत आकारही मोजतात, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची आणि भागिले ५०००. साठ बाय पंधरा बाय पंधराचा सॉफ्टबॉक्सचा खोका घेतला तर २.७ किलो भरतो, आत वस्तू किलोभराची का असेना. त्यापेक्षा एक दिवस काढा, सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या बोरा बाजार गल्लीत जा, स्टँड हातात धरून, उघडून, हलवून बघा आणि घेऊन या. सॉफ्टबॉक्स घेताना बोवेन्स माउंटचा (लाइटला जोडायच्या कडीचा तो प्रकार) मागा, ती इंग्लंडची कंपनी २०१७ साली बंद पडली पण माउंट मात्र बऱ्याच कंपन्यांनी उचललं, त्यामुळे पुढे मोठा लाइट घेतलात तरी तो सॉफ्टबॉक्स सहसा वाया जात नाही.

लिथियमवाले फ्लॅश, म्हणजे गोडॉक्सच्या व्ही ८६० किंवा एडी २०० सारखे, चांगलेच आहेत, प्रश्न प्रवासाचा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानाच्या मालात न्यायला एप्रिल २०१६ पासून बंदी आहे आणि वस्तूसोबत पॅक केलेल्या बॅटऱ्यांनाही वेगळे नियम आणि वेगळी लेबलं लागतात, त्यामुळे स्वस्तातल्या पोस्टाने असलं पार्सल मध्येच अडकतं नाहीतर परत जातं. दुबईहून किंवा अमेरिकेतून कोणी घरचं येणार असेल तर त्याला आणायला सांगता येतं, पण त्याला बजावून सांगा की सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, एडी २०० ची बॅटरी १४.४ व्होल्ट आणि २९०० एमएएच म्हणजे ४२ च्या आसपास येते, तेव्हा अडचण नाही. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलंय का तेही त्याला फोटो काढून पाठवायला सांगा, फक्त ११० लिहिलेलं असेल तर आपल्या २३० वर लावायचं नाही.

आता पैशांचं गणित. कागद घ्या आणि लिहूनच काढा, डोक्यात करू नका, कारण डोक्यातलं गणित नेहमी ऑर्डर मारण्याच्या बाजूनेच सुटतं. समजा फ्लॅश सहा हजारांचा आणि पाठवणावळ आठशे. कस्टमवाले दोन्ही मिळून ६,८०० वर हिशोब सुरू करतात, आणि रुपयांचा भावही आपल्या बँकेचा नाही, कस्टमने जाहीर केलेला लागतो. सरचार्ज वगैरे धरून ड्युटी २० टक्के समजा, म्हणजे १,३६०, झाले ८,१६०. आता आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, या ८,१६० वर, १८ टक्के समजलात तर १,४६९, एकूण ९,६२९. कार्डाची फॉरेन मार्कअप (परदेशी व्यवहारावर बँक घेते ती फी) साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे अजून २८० च्या घरात, आणि कुरिअर कंपनी ड्युटी आधी स्वतः भरते म्हणून तिची फी वेगळी. सहा हजारांचा फ्लॅश दहा हजारांवर गेला. हे टक्के मी समजण्यासाठी धरलेत, खरे दर बजेटगणिक बदलतात आणि कस्टमने माल कुठल्या वर्गात टाकला त्यावरही बदलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचे दर बघूनच आकडे भरा. मग तोच फ्लॅश इथे बिलासकट आणि वॉरंटीसकट कितीला मिळतोय ते बघा. हजार-पंधराशेचाच फरक राहत असेल तर मी तरी इथेच घेईन, कारण बाहेरून आणलेल्या मालाची इथली वॉरंटी बहुतेक वेळा मिळत नाही.

विक्रेता कधीकधी प्रेमाने विचारतो, किंमत कमी लिहू का, गिफ्ट लिहू का. नको म्हणा. डिसेंबर २०१९ पासून ऑनलाइन घेतलेला माल गिफ्ट म्हणून सोडवायची वाट सरकारने बंद केली, सूट राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. आणि खोटी किंमत पकडली गेली तर दंड तुम्हाला, पार्सल हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच.

विक्रेता निवडताना स्टारांकडे बघू नका, एक आणि दोन स्टारवाल्यांनी काय लिहिलंय ते वाचा, त्यातही भारतातून कोणी लिहिलंय का ते शोधा. अलीएक्स्प्रेस ही चिनी खरेदीची साइट नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे बंद आहे, तेव्हा तिकडचे जुने सल्ले आणि जुन्या किमती डोक्यातून काढा. इबेवर भारतात पाठवणारे विक्रेते आहेत, फक्त माल कुठून निघणार ते बघा, पत्ता एका देशाचा आणि माल दुसऱ्याच देशातून असं असतं. जुने फिल्मच्या काळातले फ्लॅश स्वस्तात दिसतात, त्यांचा मोह होतो, पण काहींच्या पिनेवर २०० व्होल्टच्या वर दाब येतो आणि आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. घेतलाच तर आधी मल्टिमीटर लावून मोजा, कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये किती चालतात ते वाचा, मगच शूवर चढवा.

पैसे भरायच्या आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचं परदेशी व्यवहाराचं बटण चालू करा, ते २०२० पासून आपणच चालू करावं लागतं, लिमिट फ्लॅशच्या किमतीपेक्षा काकणभर जास्त ठेवा आणि काम झालं की परत बंद करा. पेपाल चालत असेल तर उत्तम, तक्रार करायला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात. विक्रेता ‘सरळ खात्यावर पाठवा, डिस्काउंट देतो’ म्हणाला की तिथेच थांबा. पत्ता लिहिताना नाव आधारवर आहे तसंच लिहा, कुरिअरवाले केवायसी मागतात आणि ‘बंटी फोटो स्टुडिओ’ नावाने मागवलेलं पार्सल मग कागद जुळत नाहीत म्हणून बसून राहतं. आधार किंवा पॅनची कॉपी, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा एका फोल्डरमध्ये मोबाईलवर तयार ठेवा, त्यांची मेल आली की त्याच दिवशी पाठवायचं.

वेळेचं भान सगळ्यात जास्त लोक विसरतात. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, म्हणून पोरं दिवाळीत ऑर्डर टाकतात. तेव्हाच तिकडे चीनमध्ये १ ऑक्टोबरपासूनची मोठी सुट्टी संपून माल तुंबलेला असतो, वर ११ नोव्हेंबरचा सेल येतो. माझं एक पार्सल तीन आठवडे कस्टममध्ये बसलं आणि सांगलीचं लग्न मी एकाच फ्लॅशवर काढलं, स्टेजच्या मागची बाजू सगळी काळोखात गेली, नवरीच्या आजी त्या काळोखात बसल्या होत्या आणि त्यांचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हा गणपतीच्या आत ऑर्डर करा, नाहीतर त्या सीझनला भाड्याने घ्या. पोस्टाने येत असेल तर ट्रॅकिंग नंबर तेरा अक्षरांचा असतो, पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. तो इंडिया पोस्टवर टाकून बघत राहा, मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसला पोचल्यावर काही दिवस हालचाल दिसली नाही तर लगेच घाबरून विक्रेत्याशी भांडू नका.

पार्सल आलं की कात्री लावायच्या आधी मोबाईल कशालातरी टेकवून व्हिडिओ चालू करा. सहा बाजू, लेबल, सील, मग उघडायचं, आणि सिरियल नंबर दिसेपर्यंत व्हिडिओ थांबवायचा नाही. चांगले रिचार्जेबल सेल आधीच चार्ज करून ठेवा, एनेलूपसारखे २००० एमएएचचे पुरतात, ३८०० छापलेले स्वस्त सेल घेऊ नका, पेन्सिल सेलमध्ये तेवढं बसतच नाही. पहिल्यांदा फ्लॅश कमी ताकदीवर उडवा, मग वाढवत पूर्ण ताकदीवर न्या, दहा वेळा, मध्ये श्वास घ्यायला वेळ देऊन. चार्ज होतानाची बारीक शिट्टी दर वेळी साधारण तेवढाच वेळ वाजायला हवी, मध्येच लांबायला लागली किंवा जळका वास आला तर सेल काढा आणि बाजूला ठेवा, पण उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट बसलेले असतात. मग पांढऱ्या भिंतीवर शटर १/२०० ला ठेवून फोटो काढा, खाली काळी पट्टी आली तर तो फ्लॅशचा दोष नाही, शटर १/१६० वर आणून परत बघा. ट्रिगर हातात घेऊन जिन्यावरून दोन मजले खाली जा आणि तिथून उडतो का बघा. झूमचं बटण फिरवताना फ्लॅशच्या डोक्यातली मोटर अडखळते का ते कान लावून ऐका. हे सगळं पहिल्या दोन दिवसांत करा, तक्रारीची मुदत पार्सल पोचल्याच्या तारखेपासून धावत असते. आणि शेवटी संध्याकाळी घरातल्या कोणालातरी, आईला नाहीतर आजीला, खिडकीशी बसवा, फ्लॅश छताकडे वळवा आणि वीस-पंचवीस फोटो काढा, चेहऱ्यावरचा उजेड सगळ्या फोटोत सारखा आला तर सेल काढून फ्लॅश पिशवीत घाला.