जागलीला जाताना अंगावर काय घालावं?

सोयाबीन शेंगांवर आलं की रानडुकरं येतात, हरभरा वर आला की रोही, म्हणजे नीलगाई. विदर्भात निम्मं वर्ष कोणी ना कोणी मचाणावर जागतच असतो. पिकाची ही रात्रीची राखण म्हणजे जागल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपलं काम हाकलायचं, मारायचं नाही. पण कपड्यांचा पेच जुन्या शिकाऱ्यांचाच आहे. तासन्‌तास एका जागी बसायचं आणि हवा रात्रीतून दोनदा बदलणार.

पहिली पायरी: हिशेब पहाटे चारचा करा. संध्याकाळी सातला ओसरीत जेवढं बरं वाटतं तेवढंच घालून माणूस निघतो, तिथेच चुकतं. माझी पहिली जागल डिसेंबरातली, अंगात एक टेरिकॉटचा शर्ट. मामा म्हणाले, "जागलीले चालला का लग्नाले?" पहाटे त्यांचीच घोंगडी ओढून बसलो होतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि तो आकडा शहरातला. थंड हवा जड असते, खोलगट जागी साचते. तुमचं शेत नाल्याकाठी असेल तर मोबाइलवरच्या 'मेघदूत' या हवामानाच्या अ‍ॅपने दाखवलेल्या किमान तापमानापेक्षा थंडी जास्तच धरून चाला.

दुसरी पायरी: एक जाड कपडा नको, तीन हलके घ्या. आत अंगालगत बनियान, मधे लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. खरी मेख मात्र ते कधी घालायचे यात आहे. घरापासून शेतापर्यंत सगळं चढवून गेलात तर घाम येतो, आणि बसल्यावर तोच घाम गार पडून हिव भरतं. म्हणून वरचे दोन कपडे पिशवीत न्या. मचाणावर पोचलं की अंग पुसा, बनियान बदला, मग स्वेटर चढवा. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापसाला नावं ठेवणं जिवावर येतं, पण सुती कपडा ओला झाला की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. घोंगडी जड खरी, पण धुवारीच्या, म्हणजे धुक्याच्या, रात्री तिच्यासारखं दुसरं काही नाही.

कानटोपी जरूर घ्या, पण पातळ. जागलीत डोळ्यांआधी कान कामाला येतात. मी एक कान उघडाच ठेवतो.

आता पाय. इथे कंजुषी नको. चप्पल घालून जागलीला जाणारे अजूनही दिसतात आणि मला त्यांची भीती वाटते. घोणस गवतात दबून असते. मणेर (मण्यार) रात्री फिरतो आणि त्याचा चावा पुष्कळदा जाणवतही नाही. पोटरीपर्यंतचा गमबूट, आत जाड मोजे, आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. खोचण्याचं आणखी एक कारण आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. तो आजार गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या चाव्याने होतो. शेतीची लाइन (वीज) रात्रीची असेल आणि ओलितही करायचं, म्हणजे पिकाला पाणीही द्यायचं असेल, तर मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत हवाच. गमबूट घातला म्हणून तारेच्या कुंपणाला मात्र हात लावू नका. कोणी चोरून करंट सोडलेला असेल तर रबराचा भरवसा नाही.

पावसाळ्यात प्लास्टिकची पन्नी पांघरून भागत नाही, वारा ती उडवतो. जाकीट-पँट असा दोन भागांचा रेनकोट घ्या, आणि घेताना दुकानातच हात हलवून बघा. फार सळसळत असेल तर त्या आवाजात डुकराची चाहूल लागणार नाही. काखेत हवा खेळायला छिद्रं असावीत, नाहीतर आतून घामानेच भिजाल. विजा सुरू झाल्या तर कपड्यांचा विचार सोडा आणि विजेची सूचना देणाऱ्या 'दामिनी' अ‍ॅपचा इशारा येण्याआधीच झाडावरच्या मचाणावरून उतरून पक्कं घर गाठा.

उन्हाळ्याचं थोडक्यात: सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि डोक्याला दुपट्टा. मार्चमध्ये गारपिटीचा अंदाज असेल तर त्यासोबत स्वेटरही घ्या. गार पडली की तासाभरात हवा पालटते.

रंगाबाबत माझं मत शिकाऱ्यांच्या उलट आहे. आपल्याला लपायचं नाही. शेजारच्या जागल्याला, वनरक्षकाला आपण माणूस म्हणून लांबून ओळखू आलं पाहिजे. रोह्याला केशरी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे केशरी दुपट्टा किंवा चमकणारी पट्टी लावलेलं जाकीट चांगलं. वाघाचा वावर असलेल्या भागात कोणताही रंग वाचवत नाही. तिथे एकट्याने जाऊच नये.

आणि फवारणीचा शर्ट "जुनाच आहे" म्हणून जागलीला घालू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. कपड्यात मुरलेलं औषध रात्रभर अंगाला घासत राहतं.

सगळं जमवलं की एकदा घरीच घालून बघा. शिडी चढा, मांडी घालून अर्धा तास बसा, मग अंधारात खिशात हात घाला. बॅटरी न बघता हाताला लागली पाहिजे.