धुतलेली गाडी कोरडी करताना पुसू नये, टिपावी

गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर सकाळचे तिरपे ऊन पडले की कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल बारीक रेघांची नक्षी दिसू लागते. या रेघा प्रत्यक्षात गोल नसतात. त्या सर्व दिशांना पसरलेल्या असतात, आणि त्यांपैकी प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकत असल्याने सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. पार्किंगमधल्या कोणीतरी गाडी घासली असावी, असे आपण समजतो. माझा अनुभव असा की यांतले बहुतेक ओरखडे गाडी धुऊन झाल्यावर, फडक्याने ती कोरडी करताना, आपल्याच हातून पडतात.

कारण समजून घेतले की पुढची पद्धत आपोआप पटते. गाडीच्या रंगावर सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. स्वच्छ, मऊ कापड या थराला सहसा इजा करत नाही. इजा करतात ते कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेले धुळीचे आणि रेतीचे कण. आपली भाषा या बाबतीत नेमकी आहे. ‘पुसणे’ म्हणजे दाब देऊन फिरवणे आणि ‘टिपणे’ म्हणजे टिपकागदासारखे वरच्यावर पाणी शोषून घेणे. गाडीला दुसऱ्या क्रियेची गरज असते.

त्यामुळे पहिली अट अशी की कोरडी करायला घेतलेली गाडी खरोखर स्वच्छ झालेली असावी. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर वाकून पाहावा. तिथे चिखलाची कचकच उरली असेल, तर कापड हातात न घेता तेवढा भाग पुन्हा धुवावा.

दुसरी अट सावलीची. पुण्यासारख्या शहरांत अनेक सोसायट्यांमध्ये गाड्या बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने धुतल्या जातात. तापलेल्या पत्र्यावर हे पाणी पाहता पाहता सुकते आणि त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, बॉनेट हाताला थंड लागत असताना गाडी धुवावी. शक्य असल्यास शेवटचे एक-दोन बादल्या पाणी साठवलेल्या पावसाचे किंवा अन्य मऊ पाणी असावे. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अनेकजण काटकसरीने गाडीसाठी साठवतात. तो हेतू चांगला आहे, परंतु त्या पाण्यात क्षार अधिक असतात, म्हणून ते सुरुवातीचा चिखल काढण्यासाठी वापरावे, शेवटच्या धारेसाठी नव्हे. तरीही ठिपके पडलेच, तर समभाग पाणी घातलेले पांढरे व्हिनेगर मऊ कापडावर घेऊन हलके लावावे आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन टाकावे.

कापड लावण्याआधीच बरेचसे पाणी उतरवता येते, आणि या टप्प्यावर धरलेला धीर सर्वांत फळतो. पाइपच्या तोंडाचा फवारा काढून ठेवावा आणि टपाच्या मध्यावरून संथ, जाड धार सोडावी. पाण्याचा सलग पडदा खाली घसरत जातो आणि सुटे थेंब आपल्यासोबत ओढून नेतो. पाइप नसेल, तर झारीची चाळणी काढून हेच करता येते. गाडीला मेण किंवा सिरॅमिक कोटिंग असल्यास पाणी आणखी सहज ओघळते.

आता कापड. जुनी बनियन, पंचा किंवा अंघोळीचा टॉवेल घरात अगदी हाताशी असतो, पण त्याचे धागे दाट लव नसल्यामुळे कण आत घेत नाहीत. ते रंगावरच फरफटत नेतात. गाडी कोरडी करण्यासाठी मिळणाऱ्या शॅमॉय नावाच्या मऊ चामड्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने त्याचीही तीच अडचण आहे. काचेसाठीचा रबरी वायपर तर रंगावर मुळीच लावू नये. त्याखाली एकच कण अडकला तरी बॉनेटभर सरळ रेघ उमटते. यासाठी पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडच्या मिश्र धाग्यांचा, दाट लवेचा, जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्यावा. दोन मोठे आणि दोन लहान पुरतात. त्यावर शिवलेली लेबलाची पट्टी आधी कापून टाकावी, कारण तिच्या कडक कडा स्वतःच ओरखडे पाडतात.

टॉवेल वापरण्यापूर्वी पाण्यात बुडवून घट्ट पिळावा. किंचित ओलसर मायक्रोफायबर कोरड्यापेक्षा पाणी लवकर ओढून घेतो. टपावर तो चादरीसारखा पूर्ण पसरावा, दोन कोपरे धरावेत आणि हाताचा दाब न देता, टॉवेलच्या स्वतःच्या वजनावर, सावकाश आपल्याकडे ओढावा. दारांसारख्या उभ्या भागांवर त्याची घडी करून ती टेकवावी, क्षणभर थांबावे आणि उचलावी. हात कधीही गोल फिरवू नये, सरळ रेषेतच न्यावा. टप, काचा, बॉनेट, डिकी आणि मग दारे असा वरून खाली क्रम ठेवावा. दारांच्या खालच्या पट्ट्याला वेगळा लहान टॉवेल आणि चाकांना तिसरा. टॉवेल जमिनीवर पडला, तर तो झटकून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. तो धुतल्याशिवाय रंगाला लावू नये.

आरसे, दारांच्या मुठी, इंधनाचे झाकण आणि नंबर प्लेट यांच्या फटींत पाणी लपलेले असते आणि सर्व कोरडे झाल्यावर ओघळ येतात. लहान विजेचा ब्लोअर असल्यास त्याचे तोंड रंगापासून वीतभर लांब धरून या फटी मोकळ्या कराव्यात. नसल्यास गाडी पाच मिनिटे सावकाश फिरवून आणावी. त्यात ब्रेकही कोरडे होतात, आणि बाहेर आलेले ओघळ मग उरलेल्या स्वच्छ टॉवेलने टिपावेत.

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या दादांकडे बहुधा एक बादली, एक फडके आणि पंधरा-वीस गाड्या असतात. दोष त्यांचा नाही, व्यवस्थेचा आहे. त्यांना आपल्या गाडीसाठी स्वतंत्र टॉवेल द्यावेत आणि रोज कोरडी धूळ पुसण्याऐवजी, तेवढ्याच पैशांत, आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्याने धुण्याची विनंती करावी. माझ्या गाडीवर नव्या रेघा पडणे या एका बदलानंतर जवळजवळ थांबले.

काम झाल्यावर टॉवेल सुती कपड्यांत न मिसळता थोड्या द्रव साबणाने वेगळे धुवावेत. कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये, कारण त्याचा लेप बसून धागे पाणी शोषेनासे होतात. धूळ उडणाऱ्या गच्चीऐवजी ते घरात सावलीत वाळवावेत आणि पुढच्या वेळेपर्यंत बंद पिशवीत ठेवावेत.