ब्लेनहाइम ऑरेंज : जुन्या वाणाचे सफरचंद परसबागेत कसे वाढवावे

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात, ब्लेनहाइम राजवाड्याच्या उद्यानाला लागून असलेल्या वुडस्टॉक गावात, सुमारे १७४० मध्ये जॉर्ज केम्पस्टर यांना मिळालेल्या एका रोपापासून हा वाण पसरला. आधी त्याला ‘केम्पस्टर्स पिपिन’ म्हणत, पुढे त्याचे नाव ‘ब्लेनहाइम ऑरेंज’ झाले. नारिंगी झाक असलेले हे चपटे, मोठे फळ खाताना अक्रोडासारखी चव देते आणि शिजवायलाही उत्तम असते. तरीही ते दुकानात सहसा दिसत नाही, कारण झाड फळाला उशिरा येते आणि दरवर्षी सारखे पीक देत नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांच्या घरामागे थोडी जमीन आहे, त्यांनी हे झाड अवश्य लावावे. मात्र पुढची बरीचशी डोकेदुखी टाळायची असेल, तर खरा विचार रोप विकत घेण्यापूर्वीच करावा लागतो.

पहिला प्रश्न खुंटाचा. सफरचंदाच्या बीपासून मूळ वाण मिळत नाही, म्हणून प्रत्येक झाड कलमी असते आणि त्याची उंची मुख्यतः खालच्या खुंटावर ठरते. ब्लेनहाइम ऑरेंज मुळातच जोमाने वाढणारा वाण असल्यामुळे, इतर वाणांसाठी निवडाल त्यापेक्षा एक पायरी ठेंगणा खुंट घ्यावा. लहान बागेसाठी ‘एम २६’ पुरेसा आहे. ‘एमएम १०६’ मोकळ्या जागेत शोभतो, तर ‘एम २५’ हा मोठ्या फळबागेचा खुंट असून घरामागच्या जागेत तो डोईजड होईल.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. या वाणात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे त्याचा पराग जवळजवळ निरुपयोगी ठरतो. त्याला फळ धरण्यासाठी दुसऱ्या वाणाचा पराग लागतो, पण तो स्वतः त्या दुसऱ्या झाडाची परतफेड करू शकत नाही. म्हणून त्याच सुमारास फुलणारे आणखी दोन वेगळे वाण जवळपास असावेत, म्हणजे तिन्ही झाडांना फळे येतील. ‘जेम्स ग्रीव्ह’ आणि ‘वूस्टर पेअरमेन’ ही जोडी चांगली जमते. आपल्या बागेत एवढी जागा नसेल तर घाबरू नये. शहरी वस्तीत मधमाश्या आसपासच्या बागांतील सफरचंदे आणि शोभेची क्रॅब ॲपल यांचा पराग आणून देतात. फक्त कुंपणापलीकडे एप्रिल-मेमध्ये काय फुलते, हे रोप मागवण्याआधी एकदा पाहून घ्यावे.

लागवड नोव्हेंबर ते मार्च या काळात, उघड्या मुळांच्या रोपाने करावी. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली असेल तर थांबावे. आणल्यावर मुळे तासभर पाण्यात भिजवावीत. खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या सुमारे तिप्पट रुंद, पण मुळे मावतील एवढाच खोल घ्यावा. बुंध्याच्या तळाशी जिथे किंचित फुगवटा आणि बाक दिसतो, तो कलमाचा सांधा असतो. तो मातीच्या वर सुमारे दहा सेंटिमीटर राहिलाच पाहिजे, कारण तो पुरला गेला तर वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात आणि ठेंगण्या खुंटाचा उपयोगच उरत नाही. ‘एम २६’ला कायमचा आधारखांब द्यावा. आळ्यात कुजलेल्या खताचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. पहिली दोन वर्षे कोरड्या उन्हाळ्यात पाणी चुकवू नये.

छाटणी पानगळीनंतर, हिवाळ्यात करावी. सुरुवातीला तीन-चार मुख्य फांद्या राखून मध्यभाग मोकळा ठेवावा. नंतर मात्र हात आखडता घ्यावा, कारण हा वाण काही फळे फांद्यांच्या टोकांवरही धरतो. सगळी टोके सरसकट छाटली तर त्या वर्षीचे पीक आपणच कापून टाकतो. फळाचा डोळा फुगीर आणि मऊ लव असलेला, तर पानाचा डोळा बारीक आणि फांदीला चिकटलेला असतो. हा फरक ओळखता येईपर्यंत कात्री न चालवलेली बरी. शिवाय जोरकस छाटणीने हे झाड फळांऐवजी लाकूडच वाढवते.

ठेंगण्या खुंटावरही पहिल्या फळासाठी चार-पाच वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी. पुढे एक वर्ष भरभरून आणि एक वर्ष रिकामे अशी सवय झाडाला लागते. ती मोडण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे. जूनमधील नैसर्गिक फळगळ झाल्यावर प्रत्येक झुपक्यात एकच फळ ठेवून दोन फळांत सुमारे पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे. चांगली फळे तोडताना जीव हळहळतो, पण ती तोडावीच.

फळे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये तयार होतात. तळहातावर फळ किंचित उचलून वळवल्यावर ते देठासह सुटले, तर काढणीला हरकत नाही. थोडी आधी काढलेली फळे शिजवायला घ्यावीत. त्यांचा घट्ट गर होतो. उरलेली, डाग नसलेली फळे थंड, अंधाऱ्या खोलीत एकमेकांना न टेकवता एका थरात मांडावीत आणि दर आठवड्याला चाळून नासकी काढून टाकावीत, म्हणजे ती नाताळपर्यंत सहज टिकतात.