फुटबॉल मॅनेजर: गोल खाणं कमी कसं करायचं

‘फुटबॉल मॅनेजर’ या कॉम्प्युटर गेममधल्या क्रिएट-अ-क्लबमध्ये, म्हणजे स्वतःचा क्लब काढायच्या प्रकारात, नाशिकच्या नावाचा क्लब काढायचा, पहिल्या मोसमात ३-२, ४-३ अशा मारामाऱ्या करून वर चढायचं आणि वरच्या डिव्हिजनमध्ये दर सामन्याला तीन-तीन गोल खायचे, हा क्रम बहुतेकांच्या सेव्हमध्ये ठरलेला असतो. मग एक महागडा सेंटर बॅक (मधला बचावपटू) येतो, मेंटॅलिटी ‘डिफेन्सिव्ह’वर जाते, तरी गोल थांबत नाहीत. कारण बचावपटू कच्चा म्हणून जाणाऱ्या गोलांपेक्षा दोन फळ्यांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेतून जाणारे गोल जास्त असतात. आधी जागा बंद करायची, माणसांवर पैसा नंतर.

खालची नावं गेमच्या २०२४ च्या आवृत्तीतली आहेत. २०२६ मध्ये चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना वेगवेगळी लावता येते, पण हिशोब तोच.

सुरुवात सेंटर बॅकच्या पायापासून

फॉर्मेशनला हात लावण्याआधी दोन्ही सेंटर बॅकचे पेस आणि अ‍ॅक्सिलरेशन बघा. गुण १ ते २० मध्ये असतात, पण १२ चांगले की वाईट हे लीगवर ठरतं. म्हणून आपल्याच लीगमधल्या चार-पाच चांगल्या स्ट्रायकरांशी तुलना करा. आपले दोघं त्यांच्या आसपास असतील तर डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बचावाची फळी, ‘हायर’ (पुढे) चालेल. दोघांपैकी एकच मंद असेल तर ‘स्टँडर्ड’, आणि दोघंही मंद असतील तर कितीही मोह झाला तरी लाइन वर न्यायची नाही. मंद जोडीला ‘मार्क टायटर’ही देऊ नका. स्ट्रायकर अंगाला चिकटलेल्या माणसाला वळसा घालून निघाला की मागे फक्त गोलकीपर उरतो.

वेगाइतकेच महत्त्वाचे पण लोक न बघणारे गुण म्हणजे पोझिशनिंग, अँटिसिपेशन आणि कॉन्सन्ट्रेशन. टॅकलिंग १५ आणि कॉन्सन्ट्रेशन ८ असा सेंटर बॅक ऐंशी मिनिटं भिंत असतो आणि शेवटच्या दहात दार उघडून देतो. उंचीचंही तसंच. सहा फुटी दिसला म्हणून घेऊ नका, जंपिंग रीच बघा. उंची त्यात धरलेलीच असते. जोडीतला एक हवेतला माणूस आणि एक खेळ वाचणारा, शक्यतो डावीकडे डावखुरा, एवढं जमलं तरी पुष्कळ.

लाइन वर न्यायची असेल तर कीपरचा रशिंग आउट आणि वन ऑन वन्सही तपासा. फक्त गोललाइनवर चपळ असलेला कीपर उंच लाइनमागे ठेवणं म्हणजे अर्धं मैदान फुकट देणं.

दोन फळ्यांमधलं अंतर

एसी मिलानचे एकेकाळचे प्रशिक्षक आरिगो साकी आघाडीपासून बचावापर्यंतचं अंतर सुमारे २५ मीटरच्या आत ठेवायला सांगत. गेममध्ये हे अंतर दोन सेटिंग मिळून ठरवतात: लाइन ऑफ एंगेजमेंट, म्हणजे आपली पहिली फळी कुठे दाब द्यायला लागते, आणि डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे शेवटची फळी कुठे उभी राहते. ‘हाय प्रेस’सोबत ‘लोअर’ लाइन ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पुढचे तिघं समोरच्यांच्या बॉक्सपाशी धावतायत, मागचे चौघं आपल्या बॉक्सपाशी, आणि मधल्या पटांगणात त्यांचा अटॅकिंग मिडफिल्डर चेंडू घेऊन निवांत वळतोय.

नवीन संघासाठी एंगेजमेंट ‘मिड ब्लॉक’ आणि ‘स्टँडर्ड’ लाइनने सुरू करा. बॅक वेगवान निघाले तर एंगेजमेंट तिथेच ठेवून लाइन एक पायरी वर. मैदान लहान होतं आणि पुढच्यांची दमछाकही कमी होते. ‘हाय प्रेस’ हवाच असेल तर लाइन ‘हायर’ किंवा त्याहून वर लागेल, आणि ट्रिगर प्रेस (किती वेळा दाब द्यायचा) वाढवायचं तर पुढच्या चौघांचे वर्क रेट आणि स्टॅमिना तेवढे हवेत. नाहीतर तासाभराने प्रेस कागदावर राहतो आणि लाइन मात्र वरच.

मेंटॅलिटी हे सगळं आपोआप हलवते, ते विसरू नका. ‘पॉझिटिव्ह’वरून ‘डिफेन्सिव्ह’वर गेलात की लाइन आपसूक खाली येते, खेळाचा वेगही उतरतो. त्यावर पुन्हा ‘लोअर’ लाइन आणि ‘लो ब्लॉक’ लावला तर तुम्ही एकच गोष्ट तीनदा केलेली असते. ‘बॅलन्स्ड’ ठेवून सेटिंग हाताने बदलणं जास्त समजतं, कारण काय बदललं ते दिसतं.

चेंडू आपल्याकडे असताना मागे पाच

बचाव आक्रमणातच बिघडतो. दोन्ही फुल बॅकना (कडेच्या बचावपटूंना) ‘अटॅक’ ड्यूटी, मधल्या तिघांत एकही ‘डिफेन्ड’ नाही, आणि चेंडू हरवला की सेंटर बॅक दोघंच चौघांसमोर. आकडा पाठ करा: चेंडू आपल्याकडे असतानाही मागे पाच. दोन सेंटर बॅक, एक फुल बॅक ‘डिफेन्ड’वर, एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर ‘डिफेन्ड’वर आणि एक राखून खेळणारा सेंट्रल मिडफिल्डर. दुसरा फुल बॅक खुशाल वर जाऊ दे, फक्त राखणारा मिडफिल्डर त्याच्याच बाजूला ठेवा. इन्व्हर्टेड विंग बॅक वापरत असाल तर तो आत येऊन या पाचात मोजला जातो. मग त्याने सोडलेली विंग उघडी राहते का, ते पाहायचं.

डिफेन्सिव्ह मिडफिल्डरसाठी ‘अँकर’ हा जागा न सोडणारा, कंटाळवाणा रोल आहे आणि तोच बहुधा बरोबर असतो. बॉल विनिंग मिडफिल्डर दिसायला झकास, पण चेंडूमागे धावत जागा सोडतो. सेंटर बॅकांपुढे तो एकटाच असेल तर टाळा. मोरोक्को २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत फक्त एक गोल खाऊन पोचला, तोही स्वयंगोल. त्यांच्या ४-१-४-१ मधला तो ‘१’, सोफयान अमराबात, काय करत होता ते पाहिलं तर अँकर कळतो.

चेंडू हरवल्यावर काय, हेही ठरवा. धावणारे असतील तर ‘काउंटर-प्रेस’ (लगेच परत हिसकावणं), मंद संघाला ‘रीग्रुप’ (मागे येऊन रचना जमवणं). ‘गेट स्टक इन’ (आक्रमक टॅकल) बहुतेक वेळा नुकसानीचं: पिवळी कार्डं आणि बॉक्सच्या कडेला फ्री किक. ‘स्टे ऑन फीट’ने टॅकल कमी दिसतात, त्याने घाबरू नका.

आत कोंडायचं की बाहेर ढकलायचं

संध्याकाळी सातला द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि पुणे रोडची गाडी कशी अडकते, ते नाशिककराला सांगायला नको. ‘ट्रॅप इनसाइड’ म्हणजे समोरच्याला तसंच मध्ये आणून अडकवणं. त्यासाठी मध्ये गर्दी हवी, म्हणजे तीन मिडफिल्डर किंवा डायमंड (चौघांची हिऱ्यासारखी रचना). मध्ये दोघंच असतील तर तुम्ही समोरच्याला रिकामा चौक देताय.

‘ट्रॅप आउटसाइड’मध्ये चेंडू विंगला जातो, क्रॉस वाढतात. सेंटर बॅक हवेत तगडे असतील तर हे चालतं, आणि मग ‘इन्व्हाइट क्रॉसेस’सुद्धा लावता येतं. ते बुटके असतील तर ‘स्टॉप क्रॉसेस’. पण फुल बॅक बाहेर ओढला गेला की त्याच्या आणि सेंटर बॅकच्या मधली फट कोण भरणार, हे आधी बघा. विंगरला ‘अटॅक’ऐवजी ‘सपोर्ट’ दिला तर तो मागे येतो. विंगरचा वर्क रेट ७ असेल तर कुठलीही ड्यूटी उपयोगाची नाही.

कॉर्नर

२०२४ पासून कॉर्नरवर झोनल (जागा राखणं), मॅन-टू-मॅन (माणूस धरणं) किंवा दोन्हींची सरमिसळ निवडता येते. जंपिंग रीच चांगला असलेले तीन-चार जण असतील तर झोनल: त्यातला पहिला जवळच्या खांबापाशी, बाकी सहा यार्डांच्या चौकटीत मधोमध. असे दोघंच असतील तर सरमिसळ. बॉक्सच्या कडेला एक माणूस ठेवा, परत आलेला चेंडू तिथेच पडतो. पुढे एक वेगवान माणूस राहिला की समोरच्याचेही एक-दोघं मागे थांबतात. सामन्याआधी ट्रेनिंगमध्ये ‘डिफेन्सिव्ह शेप’चं एक सत्र टाका. त्याचा फायदा येणाऱ्या सामन्यापुरता असतो, म्हणून ते सामन्याच्या आठवड्यातच हवं.

दहा सामन्यांनंतर

तीन सामन्यांत डावपेच बदलू नका, टॅक्टिकल फॅमिलिअ‍ॅरिटीची (डावपेच किती अंगवळणी पडलेत त्याची) पट्टी भरू द्या. दहा सामने झाले की खाल्लेला प्रत्येक गोल पुन्हा बघा आणि वहीत फक्त प्रकार लिहा. लाइनवरून टाकलेला चेंडू पुन:पुन्हा येत असेल तर लाइन उंच आहे किंवा पास देणाऱ्यावर दाबच नाही. आधी दाब तपासा, लाइन नंतर. एंडलाइनवरून मागे ढकललेले पास म्हणजे पाचाचा हिशोब मोडलाय. लांबच्या खांबावरची हेडर म्हणजे पलीकडचा फुल बॅक बुटका आहे. बॉक्सबाहेरून फटके बसत असतील तर अँकर नाही किंवा ब्लॉक फारच खाली आहे. आपल्याच बॉक्ससमोर चेंडू हरवून गोल जात असेल तर तो बचावाचा दोष नाहीच. ‘प्ले आउट ऑफ डिफेन्स’ (मागून पास देत खेळ उभारणं) काढा, सेंटर बॅकना कम्पोझर, म्हणजे दबावात शांत राहणं, येईपर्यंत.

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रशिक्षक मोरिन्योंच्या चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत १५ गोल खाल्ले. तुमच्या नव्या क्लबाने सामन्याला एक खाल्ला तरी भरपूर झालं.

१-० पुढे, ७५ वं मिनिट

इथे हात शिवशिवतात आणि ‘व्हेरी डिफेन्सिव्ह’ दाबलं जातं. पंधरा मिनिटं क्रॉसचा पाऊस पडतो, आणि ८९ व्या मिनिटाला जे व्हायचं ते होतं. गोदावरीच्या पुराचं पाणी नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागल्यावर फळ्या टाकून काय उपयोग? त्यापेक्षा लाइन आहे तिथेच ठेवा. मेंटॅलिटी फार तर ‘कॉशस’. वर जाणारा फुल बॅक ‘सपोर्ट’वर आणा, थकलेला विंगर बदला, ‘टाइम वेस्टिंग’ वाढवा, पासिंग थोडं आखूड करा. समोरच्याने उंच स्ट्रायकर उतरवला तरच तिसरा सेंटर बॅक. हाच बदललेला साचा टॅक्टिक्सच्या दुसऱ्या खान्यात आधीपासून सेव्ह करून ठेवा. तीन खाने असतात आणि तिघांचाही सराव होतो, त्यामुळे ७५ व्या मिनिटाला खेळाडूंना तो नवा वाटत नाही.