सलग मेमरी मिळत नाही? या चुका टाळा

कॅमेरा किंवा डिस्प्लेच्या ड्रायव्हरला सलग मेमरी मिळाली नाही की बहुतेकांचा हात आधी सीएमएच्या (कंटिग्युअस मेमरी अलोकेटर, सलग मेमरी राखून ठेवणारी लिनक्सची सोय) आकड्याकडे जातो. बूट कमांडलाइनमध्ये १२८ एमबीचे २५६ करायचे, बोर्ड रीबूट करायचा, चित्र दिसलं की तिकीट बंद. बाणेर-हिंजवडीत एम्बेडेड लिनक्सवर काम करताना ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की आज आधी तिच्यावरच लिहितो.

सीएमए लिनक्समध्ये २०१२ साली, ३.५ आवृत्तीत आलं. बूटच्या वेळी सलग जागा राखून ठेवायची, पण ती ओस न पाडता तिथे हलवता येणारी पेजेस (मेमरीचे ठराविक मापाचे छोटे तुकडे) बसू द्यायची. ड्रायव्हरने जागा मागितली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या पेजेसचा मजकूर दुसरीकडे नेतो, पेज टेबल (कोणतं पेज कुठे आहे याची नोंद) बदलतो आणि जागा मोकळी करून देतो. मंगल कार्यालयात व्याह्यांना सलग वीस पानं हवी असली की मध्ये बसलेल्यांना विनंती करून पलीकडच्या ओळीत बसवतात, तसंच हे. पण ज्याने आपोष्णी घेतली, त्याला पानावरून उठवता येत नाही. पिन केलेलं, म्हणजे जागेवरच धरून ठेवलेलं पेज हा असा माणूस. एकच का असेना, सलग वीस पानं मिळत नाहीत.

चाकणच्या एका कारखान्यात आमचा बोर्ड लाइनवर सुटे भाग तपासायचा. चार-पाच दिवस सुरळीत, मग कॅमेरा सुरूच होईना. फ्रेम १९२० बाय १०८०, पण हार्डवेअरला उंची १६ च्या पटीत लागायची, म्हणून १०८८. एनव्ही१२ फॉरमॅटमध्ये (पिक्सेलमागे दीड बाइट) एका फ्रेमला ४ केबीची बरोबर ७६५ पेजेस, म्हणजे जेमतेम ३ एमबी. आणि मेमइन्फोत (मेमरीचा हिशोब दाखवणारी फाइल) सीएमएफ्री, म्हणजे सीएमएतली मोकळी जागा, ९० एमबी दाखवत होतं! टीममधला मुलगा म्हणाला, "सर, जागा तर भरपूर आहे." तरीही त्याने आकडा २५६ केला. आठवडाभर फोन आला नाही. मग आला, आणि आम्ही पुन्हा मोशीच्या ट्रॅफिकमध्ये.

उत्तर पहिल्या दिवसापासून डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत होतं. सीएमएच्या ओळीच्या शेवटी उणे १६ लिहिलेलं होतं, ते कोणी वाचलंच नव्हतं. उणे १२ असेल तर बहुधा ड्रायव्हरांनीच जागा घेऊन ठेवलेली असते, तिथे आकडा वाढवण्यात अर्थ आहे. उणे १६ म्हणजे ईबिझी: जागा कोणा ड्रायव्हरच्या नावावर नाही, पण तिथे बसलेली पेजेस हलत नाहीत. पेज ओनर (कोणतं पेज कोणी घेतलं ते नोंदवणारी कर्नलची सोय) चालू करून बूट केलं, तेव्हा अडलेली पेजेस आमच्याच लॉगिंग प्रोसेसची निघाली. तिचा बफर आमचाच दुसरा ड्रायव्हर गेट यूझर पेजेस या कर्नलच्या फंक्शनने धरायचा आणि दिवसेंदिवस सोडायचा नाही. त्याऐवजी पिन यूझर पेजेस आणि सोबत फॉल लाँगटर्म (पेजेस बराच काळ धरणार असं सांगणारा) फ्लॅग दिला. आता कर्नल पेजेस आधी सीएमएच्या बाहेर नेतो आणि मगच पिन करतो. आकडा परत १२८ वर आणला, आणि ते गरजेचंच होतं. बोर्डवर एकूण मेमरी ५१२ एमबी. निम्मी सीएमएला दिली की स्लॅब (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या नोंदींची मेमरी), पेज टेबल अशा न हलणाऱ्या गोष्टींना उरलेल्या निम्म्यातच भागवावं लागतं.

दुसरी सवय मला खरोखर त्रास देते: क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी ड्रॉप कॅशेस आणि कॉम्पॅक्ट मेमरीच्या फाइलींत आकडे लिहिणं, म्हणजे कर्नलला कॅश रिकामी करायला आणि पेजेस एकत्र सरकवायला (कॉम्पॅक्शन) लावणं. कॉम्पॅक्शन हलणारी पेजेसच हलवतं, पिन केलेली नाही. तक्रार काही दिवस दबते आणि दोष तसाच ग्राहकाकडे जातो. घाईत असलेल्या नव्या मुलांनी ही स्क्रिप्ट लिहिलेली दिसली की मी रिव्ह्यू तिथेच थांबवतो.

डीएमएचा (हार्डवेअरने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याचा) संबंध नसताना केमॅलॉकने, म्हणजे सलगच मेमरी देणाऱ्या फंक्शनने १ एमबी मागू नका, सलग नसली तरी चालवून घेणारं केव्हीमॅलॉक कर्नल ४.१२ पासून आहे. इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरून सीएमए मागू नका, पेजेस हलवताना कर्नलला थांबावं लागतं आणि तिथे थांबता येत नाही. मोठे बफर कायम लागणार असतील तर प्रोबमध्येच, म्हणजे ड्रायव्हर सुरू होतानाच घ्या. एरर दिसू नये म्हणून नोवॉर्न फ्लॅग लावणं तर अजिबात नको.

माझ्या टीममध्ये आता तिकिटाच्या पहिल्याच ओळीत एरर कोड लागतो. बोर्ड टेस्टला लावला की रोज सकाळी चहाआधी मी बडीइन्फोची (कोणत्या मापाचे किती सलग तुकडे मोकळे आहेत ते दाखवणारी फाइल) एक प्रत काढून ठेवतो. ४ केबी पेजेसच्या आमच्या बोर्डवर त्यात ११ रकाने असतात, शेवटचा ४ एमबीच्या तुकड्यांचा. उजवीकडचे आकडे रोज थोडे थोडे घटताना दिसले, की कॅमेरा बंद पडायची वाट न पाहता त्याच दिवशी पेज ओनर लावतो.