पाकिटातला आईचा जुना फोटो प्लॅस्टिकला चिकटला तर

साताऱ्याच्या पावसाळ्यात हवा आधीच दमट, त्यात मागच्या खिशातल्या पाकिटाला घामाची भर. ओलीने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि कप्प्याच्या प्लॅस्टिकला घट्ट बसतो. ओढू नका, आईच्या चेहऱ्याचाच पापुद्रा सुटून येतो. आधी प्लॅस्टिकसकट मोबाइलने फोटो काढा, खिडकीच्या तिरक्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. मग कात्रीने कडेकडेने कप्पाच कापून घ्या. ड्रायर नको, पाण्यात भिजवणं नको. लॅमिनेशन तर अजिबात नको. तो प्लॅस्टिकचा थर परत निघत नाही. खिशात वागवायला स्टुडिओतून नवी प्रत काढा. मूळ फोटो कागदी पाकिटात, ओल्या भिंतीपासून लांब. मागे तिच्या हातचं काही लिहिलेलं दिसत असेल, तर त्याचाही फोटो काढून ठेवा.