एडिसनहून फ्रिस्कोला: राज्य बदलल्यावर अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज करताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर विकलं, सामानाचा ट्रक पुढे गेला, आणि टेक्ससमधल्या फ्रिस्कोला पोचून खोकी उघडता उघडता लक्षात आलं, अरे, ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली की! मग मंडळाच्या पॉटलकला कोणीतरी विचारतंच, "आता पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची का हो?"

नाही. नागरिकत्वासाठी लागणारी ती पाच वर्षं देशातल्या वास्तव्याची आहेत, राज्यातल्या नव्हेत. त्या काळात निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं. नवरा किंवा बायको अमेरिकी नागरिक असेल आणि संसार एकत्र असेल, तर पाचाच्या जागी तीन वर्षं आणि ३० च्या जागी १८ महिने. राज्य बदललं म्हणून यातला एकही दिवस वाया जात नाही. अडतं ते एका छोट्या अटीवर: ज्या राज्यातून किंवा यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याच्या) ज्या जिल्ह्यातून एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरताय, तिथे अर्जाच्या लगतच्या आधी किमान तीन महिने राहिलेलं असलं पाहिजे. एडिसनहून जर्सी सिटीला गेलात तर राज्य तेच, त्यामुळे प्रश्न येत नाही. फ्रिस्कोला गेलात तर येतो.

तीन महिने आणि ९० दिवस यांची खिचडी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पाच वर्षं पुरी व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो, ही सवलत झाली. नव्या राज्यातले तीन महिने, ही अट झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण आकडा सारखा वाटतो म्हणून लोक एकाच दमात मोजतात.

सवलतीचे दिवस बोटांवर मोजू नका. ग्रीन कार्डावरची तारीख २० सप्टेंबर २०२१ असेल, तर पाच वर्षं २० सप्टेंबर २०२६ ला होतात आणि ९० दिवस मागे गेलं की २२ जून येतो. तीन महिने मागे जाऊन २० जूनला अर्ज ठोकला, तर तो दोन दिवस लवकर झाला. अशा दोन दिवसांपायी अर्ज बाद होतो आणि फी परत मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून ती ऑनलाइन ७१० आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे.

दोन्ही एकत्र आली तर? सवलत घेऊन लवकर अर्ज केला असेल, तर नव्या राज्यातले तीन महिने मुलाखतीच्या लगतच्या आधीचे धरले जातात, असं नियमातच आहे. म्हणजे १ मेला फ्रिस्कोला आलेला माणूस २२ जूनला अर्ज करू शकतो. तरीही माझं मत विचाराल तर ऑगस्ट उजाडेपर्यंत थांबा. अधिकाऱ्यापुढे बसून नियमाचं पोटकलम समजावून सांगण्यापेक्षा ते बरं.

मधली भारतवारी

जुनं घर विकलं, नव्याचा ताबा दोन महिन्यांनी, तेवढ्यात भारतात जाऊन येऊ, हा बेत आपल्याकडे फार आवडता. गणपतीही होतात. पण एक वर्षापेक्षा कमी काळ देशाबाहेर असलात, तर त्या काळातलं तुमचं वास्तव्य निघतानाच्या राज्यातलं धरतात. एडिसनहून पुण्याला आणि पुण्याहून थेट फ्रिस्कोला आलात, तर ते दोन महिने न्यू जर्सीच्या खात्यात गेले. टेक्ससचे तीन महिने परतल्यावर सुरू. उलट आधी टेक्ससला घर लावलं, मग पुण्याला जाऊन पुन्हा टेक्ससलाच आलात, तर पुण्याचे दिवसही टेक्ससचेच. फरक एवढाच की आधी कुठे स्थिरावलात.

मुलाकडे आणि मुलीकडे आलटून पालटून राहणाऱ्या ग्रीन कार्डवाल्या आई-बाबांचं काय, हाही नेहमीचा प्रश्न. दोन राज्यांत राहणं असेल, तर फेडरल टॅक्स रिटर्न कुठल्या पत्त्यावरून भरलं जातं ते बघतात. दुसऱ्या राज्यात कॉलेजला असलेला आणि खर्चासाठी घरच्यांवर अवलंबून असलेला विद्यार्थी मात्र कॉलेजच्या राज्यातून किंवा घरच्या राज्यातून, कुठूनही अर्ज करू शकतो.

पोस्टाला कळवलं म्हणजे सरकारला कळवलं नव्हे

घर बदलल्यापासून १० दिवसांत यूएससीआयएसला नवा पत्ता द्यायचा असतो. त्याचा फॉर्म एआर-११. पोस्टात पत्ता बदलून घेतला की काम झालं असं समजू नका. पोस्ट तो पत्ता यूएससीआयएसला कळवत नाही, आणि तिथली पत्रं पुढे पाठवली जातीलच याचा भरवसा नाही. मुलाखतीचं पत्र जुन्या दारात पडून राहिलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर फाइल बंद होते. बोटांच्या ठशांचं पत्र हुकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ग्रीन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे केवळ पत्त्यासाठी नवं कार्ड मागवण्याच्या खर्चात पडू नका.

अर्ज केल्यानंतर राज्य बदलावं लागलं तर दुसरा अर्ज भरू नका. पत्ता बदला, फाइल नव्या कार्यालयाकडे जाते. वेळ थोडा जास्त लागेल एवढंच.

अर्जात गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते तारखांसह लागतात. कंपनीने दिलेलं महिनाभराचं अपार्टमेंट, मित्राच्या बेसमेंटमधले तीन आठवडे, सगळं लिहा. पत्त्यांमध्ये पोकळी दिसली किंवा नोकरी डॅलसची आणि पत्ता एडिसनचा दिसला, की प्रश्न येणारच. घरून काम करत होतात तर तसं सांगा. भाडेकरार, विजेचं बिल, लायसन्स, टॅक्स रिटर्न एका फाइलमध्ये लावून ठेवा. पत्रं मित्राकडे यायला हवी असतील तर टपालासाठी अर्जात वेगळी जागा आहे. राहण्याचा पत्ता म्हणून मित्राचं घर लिहू नका.

लायसन्सच्या खिडकीवरचा धोका

ही चूक बाकी सगळ्यांपेक्षा महाग पडते. नव्या राज्यात लायसन्स काढताना फॉर्मवर मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. १९९३ च्या फेडरल कायद्यामुळे लायसन्स आणि नोंदणी जोडली गेली आहे. मागे रांग असते, खिडकीवरची बाई भराभर विचारते, आपण "येस, येस" म्हणत सही करतो. मग घरी मतदार कार्ड येतं. एन-४०० मध्ये स्पष्ट विचारलेलं असतं की तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, मत दिलं का. नागरिक नसताना नागरिक असल्याची सही केली असेल, तर प्रकरण नागरिकत्व नाकारण्यावर थांबेलच असं नाही, ग्रीन कार्डही धोक्यात येतं.

असं कार्ड आलं असेल तर फाडून टाकू नका आणि मत तर मुळीच देऊ नका. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लिहून नाव काढून घ्या, त्याचा लेखी पुरावा ठेवा, आणि अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. इथे वकिलाची फी वाचवू नका.

मुलाखत आणि त्यानंतर

नागरिकशास्त्राच्या प्रश्नांत तुमच्या राज्याची राजधानी, गव्हर्नर, सिनेटर विचारतात. न्यू जर्सीत असताना पाठ केलेलं ट्रेंटन इथे चालत नाही, ऑस्टिन सांगावं लागतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. जुन्या १०० प्रश्नांची चिठ्ठी कोणी दिली तर घेऊ नका.

शपथ होईपर्यंत तुम्ही नागरिक नाही, म्हणून मुलाखत आणि शपथ यांच्यामध्ये घर बदललं तरी तोच १० दिवसांचा नियम.

शपथेनंतर भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) घ्यायला निघालात, की राज्य पुन्हा आडवं येतं. न्यू जर्सीची कामं न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे, टेक्ससची ह्यूस्टनकडे. पत्त्याचा पुरावा आता राहता त्या राज्याचा लावा; जुनं एडिसनचं लायसन्स अजून खिशात असेल तर आधी ते बदलून घ्या, आणि बदलताना तो मतदाराचा चौकोन बघा.